ड्युटीच्या वाटेवरचे हेल्मेट

(बेंगळुरू परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या देवनहळ्ळी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज रविवार. इकडे येताना हमरस्त्यावर आपण मोटारसायकलींचे तांडे पाहिले असतील. बेंगळुरूची मंडळी पहाटे नंदी हिल्सला सूर्योदय पाहायला निघतात. डोक्याला पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, अंगात जाड जाकीट, हातमोजे, गुडघ्यांना पॅड, पायात घोट्यापर्यंतचे बूट. त्याच रस्त्याने, त्याच वेळी आपला एखादा पॉईंट्समन रात्रपाळी संपवून घरी चाललेला असतो. कानाला मफलर, पायात चप्पल, आणि हेल्मेट असलेच तर ते आरशाला अडकवलेले. हौसेसाठी निघालेला माणूस चिलखत घालून जातो आणि पोटासाठी निघालेला उघड्या डोक्याने. हे असे उलटे का, यावर आज बोलायचे आम्ही ठरवले आहे.

देवनहळ्ळी पूर्वी टिपू सुलतानाचे जन्मगाव आणि चकोत्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. 2008 मध्ये इथे विमानतळ सुरू झाला आणि या रस्त्याचे रूपच पालटले. विमान गाठायला निघालेली टॅक्सी घड्याळाकडे पाहून धावते. आपले लोक त्याच रस्त्याच्या कडेने पहाटे तीन-चारला ड्युटीवर जातात. विमानतळाजवळ 2021 पासून रेल्वेचा हॉल्ट आहे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. रेल्वे चालवणाऱ्या माणसालाच ड्युटीवर जायला रेल्वे मिळत नाही, म्हणून तो मोटारसायकल घेतो. टपालातल्या बंधूंची गोष्ट याहून वेगळी नाही. ग्रामीण डाक सेवकाला भत्ता मिळतो सायकलीचा, आणि बटवडा होतो स्वतःच्या मोटारसायकलवरून, स्वतःच्या पेट्रोलने.

आता आपले सभासद काय म्हणतात ते सांगतो. गरम होते. केस गळतात. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. इथे जवळच तर जायचे आहे. ऐकू येण्याचे म्हणाल तर हेल्मेटमुळे सगळेच आवाज सारखे कमी होतात, त्यात कानातला वारासुद्धा आला. त्यामुळे हॉर्न बुडत नाही. गरम होते हे मात्र खरे आहे. उन्हाळ्यात रुळांवर काम करताना चमकणारे जाकीटही गरम होते, पण ते न घालता लाईनवर उतरलेल्या ट्रॅकमनला आपलाच मेट परत पाठवतो. मग लाईनवरून घरी जाताना नियम कुठे जातो?

2019 च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. पगड्या घालून लोक आले होते. पुणेकरांचा बाणा आम्हाला आवडतो, पण पगडीने कवटी वाचत नाही. पोलिसांची पावतीफाडू वृत्ती आम्हालाही खपत नाही. त्यावर जरूर भांडावे, फक्त हेल्मेट घालून भांडावे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली 50,029 माणसे अपघातात मेली. त्यांतली 14,337 मागे बसलेली होती. मागे कोण बसते? आपली बायको, आपला मुलगा, स्टेशनवर सोडायला घेतलेला सहकारी. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट 2016 पासून सक्तीचे आहे. तरी घरात हेल्मेट एकच असते, आणि ते पुढच्याच्या डोक्यावर.

आमच्या ओळखीतला एक सभासद रात्रपाळीहून परतताना पडला. दुसरे वाहन नव्हते, रस्त्यावर खडी होती एवढेच. चार दिवसांनी तो गेला. पुढे पोलिसांनी गाडी सोडवून दिली तेव्हा गाडीबरोबर त्याचे हेल्मेटही परत आले. त्यावर एक ओरखडा नव्हता. त्याच्या वडिलांनी ते हातात घेऊन आम्हाला विचारले, हे कोणाचे?

अशा वेळी युनियन काय करते? कागद करते. त्या कामात आपण मागे नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा खटला आपल्यापैकी काहींनी वाचला असेल. एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीवर मोटारसायकलने जाताना, कारखाना पाच किलोमीटरवर असताना, तो अपघातात मेला. कामावर जाताना झालेला अपघात कामाचा धरायचा की नाही, यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने सांगितले की, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर तो नोकरीतलाच अपघात. निकाल आपल्या बाजूचा आहे, प्रत्येक शाखेने तो जपून ठेवावा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी तरतूद आहे. पण मधली बावीस वर्षे मोजा. त्या घरातली मुले तेवढ्यात केवढी झाली असतील! आणि मोटार अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो की डोक्याला हेल्मेट होते का. नव्हते म्हटले की रक्कम कापून घेण्याचा प्रयत्न सुरू होतो.

आता हेल्मेट कसले घ्यावे, कारण रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना मिळते ते हेल्मेट नव्हे, ती दंड चुकवायची टोपी आहे. बांधकामावरची टोपीही चालत नाही. आयएसआयची खूण आणि आयएस 4151 हा क्रमांक पाहून घ्या. बाहेरची कवची कडक असते, पण खरे काम आतला थर्माकोलसारखा जाड थर करतो. आपटल्यावर तो दबतो आणि डोक्याला बसणारा धक्का स्वतः खातो. एकदा दबला की पुन्हा उभा राहत नाही, म्हणून एका अपघातातून निघालेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यायचे. आणि पट्टा! पट्टा न बांधलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते. बांधून झाल्यावर मागून पुढे ओढून पाहा, डोक्यावरून निघाले तर ते तुमच्या मापाचे नाही. नवी गाडी घेताना हेल्मेट देण्याचा नियम आहे, ते मागून घ्या. चप्पल घालून गाडी चालवू नका. खात्याचे बूट आहेत, तेच पायात ठेवा.

दंडाबद्दल थोडक्यात. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात 1000 रुपये आले, कर्नाटकाने ते 500 केले. पण तीन महिने लायसन जाण्याचीही तरतूद त्यात आहे, आणि मोटारसायकलवर बटवडा करणाऱ्याला ते पाचशे रुपयांपेक्षा महाग पडते.

मागणीपत्रात आम्ही दोन गोष्टी घालत आहोत. ज्यांना कामासाठी स्वतःची मोटारसायकल वापरावी लागते, त्यांना जाकीट आणि बुटांप्रमाणे प्रमाणित हेल्मेटही प्रशासनाने द्यावे. दुसरी मागणी ऐकायला किरकोळ वाटेल. की-मन बीटवर निघाला की हेल्मेट ठेवणार कुठे? गाडीवर ठेवले तर चोरीला जाते, पावसात भिजते, म्हणून तो ते घरीच ठेवतो. प्रत्येक गँगहटमध्ये, स्टेशनवर आणि पोस्टात त्यासाठी कुलपाचा कप्पा पाहिजे. मागणी मंजूर होईपर्यंत शाखांनी भिंतीला खुंट्या ठोकून घ्याव्यात. त्याचा खर्च शाखेच्या निधीतून टाकायला हरकत नाही, पावती मात्र जोडावी.