आधी वजनकाटा

गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं आणि डांबर संपलं तरी पुढे जायचं, अशी गाडी बांधून घेण्याची आवड आपल्याकडेही वाढते आहे. पिकअप घेतात, हौद्यावर झोपायची केबिन चढवतात आणि मग मला फोन येतो. टायर कुठले घालू? पाटे बदलू का? बॅटरी केवढी लागेल? मी उलट विचारतो, गाडी काट्यावर नेली होतीत का? बहुतेकांनी नेलेली नसते.

खडी-वाळूचे ट्रक जिथे तोलतात, तोच काटा. गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरून न्यायची. पाणी, डिझेल, शेगडी, गाद्या, आणि माणसंसुद्धा आत बसलेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग सगळी गाडी. आमची पावती मी जपून ठेवली आहे. पुढे १,१८० किलो, एकूण २,८६०. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर १,६८०. माझा अंदाज होता अडीच हजारांचा! वरचे ३६० किलो आले कुठून? प्लायवूडची कपाटं, छतावरची पेटी, बिजागऱ्या, नि साठ लिटर पाणी, म्हणजे साठ किलो.

आता टायर. मागच्या प्रत्येक टायरवर ८४० किलो येतात. टायरच्या अंगावर २४५/७५ आर १६ असं माप असतं आणि त्यापुढे आणखी एक आकडा. तो १११ असेल, तर तो टायर १,०९० किलो पेलतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण ही ताकद पुरेपूर हवा भरलेली असतानाची. दगडाधोंड्यांत किंवा वाळूत आपण हवा पस्तिसावरून बावीस-चोवीसवर आणतो. टायर मऊ होतो, लांबट पसरतो, दगडाला बिलगतो, पण तेवढंच त्याचं पेलण्याचं बळही उतरतं. म्हणून वजनाच्या आकड्यात सढळ राहायचं, हवा कमी असेतोवर गाडी हळू हाकायची आणि परत हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवायचा.

चिखलाचे मोठ्या नक्षीचे टायर दिसायला रुबाबदार असतात. पण पुण्याहून मनालीच दोन हजार किलोमीटरच्या आसपास पडते, आणि त्यातला जवळजवळ सगळा रस्ता डांबरी. तिथे ते टायर गुणगुणत राहतात, ओल्या रस्त्यावर पकड कमी देतात आणि लवकर झिजतात. आपल्यासारख्यांना ऑल टेरेन टायर योग्य, असं माझं ठाम मत आहे. पैसे टायरच्या जाड, मजबूत बाजूवर खर्च करा. तळाला खिळा घुसला तर पंक्चर निघतं. धारदार दगडाने बाजू कापली, तर टायर फेकूनच द्यावा लागतो.

पाट्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. पहिल्या खेपेला गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘वजन आहे ना, मग दोन पाटे वाढवून टाका.’ वाढवले. मनालीच्या पुढे, ग्रांफूहून बातलकडे जाताना छत्रूच्या पुढे एक नाला लागला. दुपारची वेळ, वरचा बर्फ वितळून पाणी चढलेलं. पलीकडे चढताना मागून एकच बसका आवाज आला आणि गाडी डावीकडे कलली. मुख्य पाटा टोकाच्या डोळ्याजवळ तुटला होता. तुटलेल्या जागी लोखंड करडं, दाणेदार दिसत होतं आणि एका कडेला जुन्या चिरेची गंजकी रेघ होती. लाकडाचा ठोकळा अडकवून, पट्ट्याने आवळून, आम्ही चालण्याच्या वेगाने मागे फिरलो.

चूक काय झाली? पाट्याने दबायचं असतं. तो इतका ताठ झाला की दबेचना, आणि प्रत्येक दगडाचा दणका थेट लोखंडात, चासीत आणि आमच्या पाठीत उतरत गेला. मालाची गाडी भरून जाते, रिकामी येते. आपलं तसं नाही. आपलं घर कायम पाठीवर असतं, त्यामुळे वजन ठरलेलं. म्हणून पावती घेऊन पाटे बनवणाऱ्याकडे जा आणि त्या आकड्याचेच पाटे मागा. भरलेल्या गाडीतही कमानीला थोडा बाक उरला पाहिजे, वरच्या रबरी बंप स्टॉपपर्यंत चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे. आणि शॉकअप विसरू नका. पाटा वजन उचलतो, त्याची उसळी शॉकअप आवरतो. आवरलेल्या उसळीची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावर तासभर गेलात की शॉकअपमधलं तेल तापतं, फेसाळतं आणि गाडी होडीसारखी डोलू लागते. नायट्रोजन भरलेले, जाड नळीचे शॉकअप इथे टिकतात.

वाहनात असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात घ्या आणि आरटीओत चौकशी करा.

राहिली बॅटरी. छोटा फ्रिज, दिवे, फोन मिळून आमचा दिवसाचा खर्च ४५ अँपिअर-अवरच्या घरात जातो. दोन दिवस ऊन नाही असं धरलं, तर नव्वद. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून तिथे दोनशेची सोय लागते, वजन साठ किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभरची पुरते, वजन बारा. हौद्यावरचे ४८ किलो एका फटक्यात उतरले.

तिला एक पथ्य आहे. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. थंडीत लिथियम आत शिरत नाही, धातू होऊन पृष्ठभागावर बसतं आणि बॅटरी कायमची दुबळी होते. ऑक्टोबरात बातलच्या पुढच्या लोसरला सकाळी छतावरच्या पॅनलवर लख्ख ऊन पडलं होतं, आणि मीटर मात्र शून्यावर. बॅटरीतल्या रक्षक सर्किटने दार बंद केलं होतं, आणि बरोबरच केलं होतं. पेटी होती बाहेर, हौद्याच्या कडेला. आम्ही गरम पाण्याची पिशवी शालीत गुंडाळून तिच्या कुशीला ठेवली आणि चहा घेत बसलो. अकराच्या सुमारास मीटरचा आकडा हलला.

आता ती बॅटरी पलंगाखाली, आमच्याच उबेत असते. छतावरची पेटी काढली, प्लायवूडच्या कपाटांऐवजी कापडी पिशव्या टांगल्या. गेल्या महिन्यात गाडी पुन्हा काट्यावर नेली. एकूण २,७४०.