गलाईची मूस आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी

(खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फारच थोडा आहे, हे प्रारंभीच मान्य करतो. मी कला शाखेचा पदवीधर. शाळेत असताना मूलद्रव्यांची नावे मी पाढ्यांसारखी पाठ केली आणि परीक्षा संपताच तितक्याच तत्परतेने विसरून गेलो. वर्गाच्या भिंतीवर टांगलेला तो चौकटींचा तक्ता मला एखाद्या परक्या गावाच्या नकाशासारखा वाटे. माहिती अधिकारी म्हणून गलाई व्यवसायावर लेख लिहिण्याची वेळ आली, तेव्हा मात्र मला त्या तक्त्याकडे पुन्हा वळावे लागले. त्याला कारण झाला विट्याजवळच्या एका वयोवृद्ध कारागिराचा प्रश्न. उभे आयुष्य परमुलखात भट्टीपुढे काढून ते गावी परतले होते. ते म्हणाले, "सायेब, ॲसिडात चांदीचं पाणी हुतं. त्यात तांब्याची पट्टी टाकली की चांदी परत येती. पण तांबंच का लागतंय? सोनं टाकलं तर का येत न्हाई?"

मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजा.

गलाई म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, चुलते, मामा या क्षणी केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्या ना कुठल्या सराफ पेठेत मूस तापवीत बसले असतील. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण, खटाव या दुष्काळी टापूने आपली माणसे या धंद्यात देशभर पाठविली. सातारा आणि सांगली असा भेद येथे फारसा उरत नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. माणदेशाचा दुष्काळ मात्र जिल्ह्याची हद्द पाहून थांबला नाही.

जुना दागिना वितळवून त्यातील सोने, चांदी आणि तांबे वेगळे करणे हे गलाईचे काम. आता तक्त्यातील अकरावा रकाना पाहा. वरून खाली तांबे, चांदी, सोने अशी ओळीने मांडणी दिसेल. तुमच्या घरचा माणूस ज्या तीन धातूंची ताटातूट करतो, ते तिघे एकाच रकान्यात, एकाखाली एक राहतात. हा योगायोग नाही.

हा तक्ता प्रथम मांडला रशियातील रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी, १८६९ साली. त्या वेळी अवघी ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. आज ती ११८ आहेत. मेंडेलीव्हने ती अणुभाराच्या क्रमाने लावली, तेव्हा ठरावीक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा येतात असे त्याला आढळले. यावरूनच 'आवर्त' हा शब्द आला. त्याचे खरे धाडस पुढेच आहे. जेथे जुळणारे मूलद्रव्य मिळेना, तेथे त्याने घर रिकामे ठेवले आणि तेथे राहायला येणाऱ्याचे वर्णनही आधीच करून ठेवले. अशा अज्ञात मूलद्रव्यांना नावे देताना त्याने आपल्या संस्कृतातील अंक घेतले. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घराला त्याने 'एका-ॲल्युमिनियम' म्हटले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, ते याच घरचे निघाले. शोधकर्त्याने त्याची घनता ४.७ अशी मोजली. मेंडेलीव्हने कळविले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, पुन्हा मोजा. त्याने तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता. फेरमोजणीत आकडा ५.९ आला.

तरीही एक कोडे उरले होते. काही जागी अणुभाराचा क्रम आणि गुणधर्म यांचे जमेना. टेल्युरियम हे आयोडीनपेक्षा जड, पण गुणधर्म पाहता त्याला आयोडीनच्या आधीच बसवावे लागे. याचा उलगडा होण्यासाठी अणूच्या आत डोकावणे आवश्यक होते, आणि गंमत अशी की ते दार उघडले सोन्यानेच. १९०९ मध्ये मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यांवर, त्यांत सोन्याच्या वर्खावरही, अल्फा कणांचा मारा केला. सोने निवडण्याचे कारण कोणताही सोनार सांगेल : त्याच्याइतका पातळ वर्ख दुसऱ्या धातूचा होत नाही. बहुतेक कण आरपार निघून गेले. मात्र हजारोंत एखादा कण आदळून मागे फिरला. यावरून रदरफर्ड यांनी १९११ मध्ये निष्कर्ष काढला, की अणूचे जवळजवळ सारे वजन मध्यभागी एका अत्यंत लहानशा केंद्रात साठलेले आहे आणि बाकीचा अणू पोकळ आहे. सोन्याच्या अणूचे केंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर अणूचा पसारा तुमच्या शाळेच्या क्रीडांगणाएवढा होईल. हातातली जड अंगठी बहुतांशी पोकळी आहे, हे मनाला पटवून घेणे मला आजही कठीण जाते.

केंद्रात धन विद्युतभाराचे प्रोटॉन आणि भाररहित न्यूट्रॉन असतात. सभोवार ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. मोजली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले, की मूलद्रव्याचा खरा क्रमांक त्याच्या वजनावर ठरत नाही, केंद्रातील धनभारावर, म्हणजेच प्रोटॉनच्या संख्येवर ठरतो. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३ : कोडे सुटले. हा मोजली १९१५ मध्ये महायुद्धात वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला.

आता आपल्या रकान्याकडे परत येऊ. तांब्याचा क्रमांक २९, चांदीचा ४७, सोन्याचा ७९. इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कवचांत विभागलेले असतात. तांब्यात त्यांची मांडणी २, ८, १८, १. चांदीत २, ८, १८, १८, १. आणि सोन्यात २, ८, १८, ३२, १८, १ अशी आहे. तिन्ही ओळींचा शेवटचा आकडा पाहा. सर्वांत बाहेरच्या कवचात प्रत्येकाचा एकच इलेक्ट्रॉन आहे. मूलद्रव्याचा इतरांशी होणारा व्यवहार मुख्यतः या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर चालतो. म्हणूनच तिघेही चकाकतात, तार होऊन ओढले जातात, उष्णता व वीज उत्तम वाहून नेतात आणि वितळवले की एकमेकांत सहज मिसळतात.

कुळ एक असले तरी स्वभाव मात्र एक नाही. धातू आम्लात विरघळतो, म्हणजे तो आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. या तिघांत तांबे सर्वांत उदार आणि सोने सर्वांत कृपण. ७९ प्रोटॉनांचे केंद्र आपला शेवटचा इलेक्ट्रॉन फार घट्ट धरून ठेवते. त्यामुळे नायट्रिक आम्लात तांबे आणि चांदी विरघळतात व सोने तळाशी राहते. मात्र दागिन्यात सोने फार असेल, तर आतल्या चांदीपर्यंत आम्ल पोहोचत नाही. म्हणून गलाईवाला आधी वरून चांदी घालून सोन्याचे प्रमाण चौथ्या हिश्शावर आणतो. वरवर पाहता हा उलटा उद्योग वाटतो, पण त्यामागे असे कारण आहे.

आता त्या कारागिराचा प्रश्न. द्रावणातील चांदीने आपले इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. तिला ते परत मिळाले, तरच ती पुन्हा धातू होईल. द्रावणात चांदीपेक्षा अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन देणारे तांबे समोर आले, की तांबे ते देते, स्वतः विरघळते आणि पाणी निळे होते. सोने टाकले तर काहीच घडणार नाही, कारण ते चांदीहूनही कृपण आहे. येथे तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, एक बाहेरचा आणि एक त्याच्या आतल्या कवचातला. म्हणून तांब्याच्या एका अणूमागे चांदीचे दोन अणू सुटतात. तक्त्यातील अणुभार घ्या : तांबे ६३.५, चांदी १०७.९. हिशेब केला तर एक किलो चांदी परत मिळविण्यास सुमारे २९५ ग्रॅम तांबे लागेल. द्रावणात आम्ल शिल्लक असेल, तर तेही तांबे खाईल आणि खर्च वाढेल. हा हिशेब मी त्या वृद्ध कारागिरांना नंतर जाऊन सांगितला. ते हसले. त्यांचा अंदाज माझ्या आकड्याच्या अगदी जवळ होता. त्यांनी तो चाळीस वर्षांत शिकला होता, तुम्हाला तो एका तासात कळू शकतो.

परंतु तक्त्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अकराव्या रकान्याच्या उजवीकडे पाहा. तांब्याशेजारी जस्त, चांदीशेजारी कॅडमियम, सोन्याशेजारी पारा. हाही एक रकानाच आहे, आणि याचा कुळधर्म म्हणजे चटकन वाफ होणे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, कॅडमियम ७६७ अंशांना, पारा ३५७ अंशांना. सोने वितळते १०६४ अंशांना. म्हणजे कॅडमियमचा डाक असलेला जुना दागिना मुशीत गेला, की सोने वितळण्याच्या कितीतरी आधी कॅडमियमची वाफ होऊन ती भट्टीपुढे बसलेल्याच्या छातीत जाते. केरातील सोने पाऱ्याने धरून पुढे तो पारा तापवून उडवतात, तेथेही हाच प्रकार. कॅडमियम फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी करते. पारा मज्जासंस्थेवर आघात करतो. आम्लात चांदी टाकल्यावर उठणारा तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. चांदीचे इलेक्ट्रॉन घेऊन आम्लातूनच तो बाहेर पडतो.

या विषारी वाफांची फसवणूक अशी, की त्या क्षणी थोडा खोकला येतो आणि थांबतो. खरा त्रास काही तासांनी, कधी मध्यरात्री, सुरू होतो. मग दुपारच्या धुराशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूंना अडवू शकत नाही. धूर ओढून घेणारा बंदिस्त कप्पा, पंखा, उंच धुराडे आणि वाटेत धूर धुऊन काढणारे कॉस्टिक सोड्याचे पाणी ही व्यवस्था हवी. लहानशा गाळ्यात, भाड्याच्या खोलीत ती करणे खर्चाचे आहे हे मी जाणतो. निदान दार-खिडकी बंद करून आम्ल तापवू नये, आणि डाक कशाचा आहे हे विचारल्यावाचून दागिना मुशीत टाकू नये. दहावी झाल्यावर तुमच्यापैकी काही जण चुलत्यांच्या दुकानात जाणार, हे मला ठाऊक आहे. जाताना ४७ च्या शेजारी ४८ आहे, एवढे घरच्या मोठ्या माणसांनाही सांगा. ते ऐकून घेतील. मी सांगितले तेव्हा त्या वृद्ध कारागिरांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही, आणि मग आपल्या धाकट्या भावाच्या दम्याची हकीकत सांगितली.

माझे बोलणे येथे पुरे करतो, कारण तुमच्या विज्ञान शिक्षकांनी टेबलावर एक परीक्षानळी तयार ठेवली आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण आहे. दिसते पाण्यासारखे, पण हाताला लागू देऊ नका, काळे डाग पडतात. ही तांब्याची तार आपण त्यात सोडत आहोत. प्रथम तार करडी होईल, मग तिच्यावर चांदीच्या बारीक सुया फुटू लागतील आणि पाणी हळूहळू निळसर होईल. पुढच्या बाकांवरील मुलांनी थोडे बाजूला व्हावे, म्हणजे मागच्यांनाही दिसेल.