विद्यार्थ्याची फी आणि घरचा हिशेब



आपल्या घरातील मुलगा वा मुलगी प्रथमच विद्यापीठाच्या शिक्षणास निघते तेव्हा साऱ्या घरास आनंद होतो. परंतु त्या आनंदाच्या पाठोपाठ फी, खानावळीचे बिल आणि खोलीचे भाडेही दाराशी येऊन उभे राहते. त्याची तरतूद कशी करावी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. नगरपालिका त्यास दरमहा ४० रुपये देत असे. मुलगा केवळ हुशार असून भागत नाही. त्याच्या जेवणाची व वह्यापुस्तकांची सोय झाली तरच तो शाळेत टिकतो, हे डॉ. बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या सवलती आपणांस नाकारल्या गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर नवबौद्धांस त्या दिल्या. केंद्रात मात्र १९९० ची दुरुस्ती होईपर्यंत चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. म्हणून शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो झगडून मिळविलेला हक्क आहे. हक्क असला तरी तो मागावा लागतो, आणि मागितलेल्याचा हिशेबही ठेवावा लागतो.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपयांच्या आत असावे लागते. त्याहून अधिक असल्यास निर्वाहभत्ता मिळत नाही, तरी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची सवलत राज्य सरकारकडे मागता येते. दोहोंचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा असतो आणि तो दरवर्षी पुन्हा करावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँकखाते ही तयारी प्रवेशाच्या आधीच करावी. दाखल्यासाठी ऐन वेळी कचेरीचे उंबरठे झिजवणारा विद्यार्थी मुदत चुकवून बसतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या शिष्यवृत्तीचा ६० टक्के भार केंद्र व ४० टक्के राज्य उचलते. २०२१ च्या नियमांपासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यात निर्वाहभत्ता असतो, तशी कॉलेजची फीही असते. खात्यावर एकदम मोठी रक्कम दिसली की घरातील जुनी उसनवारी आठवते, लग्नकार्य आठवते. बंधूंनो, त्यातील फीचा पैसा आपला नव्हे. तो कॉलेजचा आहे आणि काही दिवस आपल्या हाती ठेव म्हणून आलेला आहे. तो खर्च झाला तर वर्षअखेरीस थकबाकी अंगावर येते व मुलाचे पुढचे पाऊल अडते. रक्कम जमा होताच फी भरावी आणि पावती घ्यावी.

शिष्यवृत्ती बहुधा उशिरा येते, खानावळवाला मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो. विडी वळून अथवा यंत्रमागावर राबून आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घराने हे अंतर आधीच जाणावे. मुलाने एक वही घालावी. एका बाजूस फी, भाडे, जेवण, प्रवास व पुस्तके. दुसऱ्या बाजूस घरून आलेला आणि सरकारकडून आलेला पैसा. पहिल्या तीन महिन्यांची तरतूद घरातून करावी. बाहेरगावी शिकणाऱ्या व वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाने समाजकल्याण खात्याकडे स्वाधार योजनेचा अर्ज करावा. सावकाराकडे जाण्यापूर्वी कॉलेजच्या कचेरीत जावे. हप्ते मागण्यात लाज नाही. प्रत्येक पैशाची पावती घ्यावी व ती जपून ठेवावी. तक्रार करावी लागली तर तोंडचा शब्द चालत नाही, कागद चालतो.

मातांनो, ही वही महिन्यातून एकदा मुलाकडून वाचून घेत जा. आपणांस अक्षरे येत नसली तरी प्रश्न विचारता येतात. ज्या घरात हिशेब विचारला जातो, त्या घरातील मूल पैशावाचून मध्येच शिक्षण सोडून परत येण्याचा प्रसंग विरळा.

जय भीम.