बोट आहे, पण वळत नाही



भोसरी, चाकण, वाळूज, अंबड इथल्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर काम करणारी अनेक माणसं माझ्याकडे येतात. प्रेसमध्ये बोट गेलं, एवढंच ती सांगतात. अशा हातांवर ऑक्युपेशनल थेरपीचे उपचार करणं हे माझं काम. जखम भरते, टाके निघतात आणि काही महिन्यांनी कर्मचारी राज्य विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, मेडिकल बोर्डाचा कागद हातात पडतो. त्यावर कमाईची क्षमता किती गेली, याची टक्केवारी लिहिलेली असते. तो आकडा बघून कामगार गप्प घरी जातो. आज मला बोलायचंय ते या गप्प बसण्याबद्दल.

या विम्याच्या कायद्यातल्या एका अनुसूचीत एक तक्ता आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, अंगठ्याशेजारचं अख्खं बोट गेलं तर १४, मधलं गेलं तर १२, करंगळी गेली तर ७. तक्ता तुटलेली बोटं मोजतो. पण मी बघते त्यातल्या कितीतरी हातांना पाचही बोटं असतात. कंडरा चिकटलेली असते, म्हणून मूठ वळत नाही. नस चिरडलेली असते, म्हणून नट चिमटीत धरला तरी तो आहे की सुटला हे कळत नाही. सदऱ्याचं बटण लावताना मुलीला हाक मारावी लागते. टेबलापलीकडून बघणाऱ्याला मात्र हात धडधाकट वाटतो.

म्हणूनच त्या अनुसूचीच्या तळाशी असलेली टीप प्रत्येक कामगाराला माहीत हवी. एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असं धरायचं, असं ती सांगते. वापर अर्धवट गेला असेल तर ही टीप लागू होत नाही. तिथे बोर्डाला अंदाज करावा लागतो आणि आपल्याला पुरावा द्यावा लागतो.

फरक किती पडतो ते बघा. ज्याची रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये, त्याचा पूर्ण दर तिच्या ९० टक्के, म्हणजे ५४०. सात टक्क्यांना दिवसाचे ३७ रुपये ८० पैसे, तीस टक्क्यांना १६२. आणि हे पैसे जन्मभर मिळायचे असतात.

डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्यानं त्याला शंभर टक्के दिले नसते. न्यायालयानं म्हटलं, सुतारकाम एका हातानं होत नाही, त्यामुळे या माणसाची क्षमता पूर्ण गेली. खटला १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालचा होता, पण विचार आपल्या कामाचा आहे: हात कुणाचा आहे आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे विचारलंच पाहिजे.

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर कळल्यापासून तीन महिन्यांत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे अपील करता येतं, किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. ट्रिब्युनलचाही निर्णय पटला नाही, तर त्यापुढे न्यायालय आहेच. अपील म्हणजे डॉक्टरांविरुद्धची तक्रार नव्हे. कायद्यानंच ती वाट ठेवली आहे. निकाल मनासारखा लागेलच, असं मात्र कुणी सांगू शकत नाही.

बोर्डापुढे किंवा अपिलाला जाताना नुसता एक्स-रे नेऊ नका. पकडीचा जोर यंत्रावर मोजून घ्या, दोन्ही हातांचा. बोटं किती अंशांत वळतात, कुठे स्पर्श कळत नाही, थंडीत किती ठणकतं, हे थेरपिस्टकडून लिहून घ्या. अपघातापूर्वी कोणत्या मशीनवर होतात आणि आता कोणतं काम देतात, तेही कागदावर आणा. बोर्डापुढे ‘बरं आहे’ म्हणायची आपली सवय असते. तिथे तसं म्हणू नका, जे होत नाही ते करून दाखवा.

आणि बोर्डाचं पत्र ज्या दिवशी हातात पडेल, त्या दिवशीची तारीख त्याच पत्रावर लिहून ठेवा. तीन महिने तिथून मोजायचे आहेत.