राजाला नाव नाही, सुइणींना आहे

इजिप्तच्या त्या राजाचं नाव काय, हे ‘निर्गम’ या ग्रंथात कुठंच सांगितलेलं नाही. ज्यानं इस्राएली लोकांना विटा थापायला लावलं, त्यांचे मुलगे मारण्याचा हुकूम काढला, तो तिथं नुसता ‘फारो’ आहे. फारो म्हणजे मुळात ‘मोठं घर’. आपल्याकडं ‘वाड्यावरून निरोप आला’ म्हणत, तसंच. हा फारो नेमका कोणता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण त्याच पहिल्या अध्यायात दोन सुइणींची नावं नीट लिहून ठेवली आहेत. एक शिफ्रा, दुसरी पुआ.

शिफ्रा म्हणजे देखणी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात एक इजिप्शियन पपायरस आहे. त्यावर सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची दासदासींची यादी आहे, आणि तीत याच धर्तीचं नाव सापडतं. म्हणजे हे राबणाऱ्या बायकांत चालणारं नाव होतं.

राजा या दोघींना सांगतो, मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर राहू द्या. त्या ऐकून घेतात आणि मारत नाहीत. जाब विचारल्यावर म्हणतात, महाराज, हिब्रू बायका तुमच्या बायकांसारख्या नाहीत. त्या ‘हायोत’ आहेत, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. या शब्दात तरतरीत, जिवंत हा अर्थ आहे, आणि जनावरं हाही. राजानं आपल्याला हवा तो ऐकावा! याच धातूचा अरबी भाऊबंद ‘हयात’. ‘वडील हयात आहेत का?’ असं आपण मराठीत विचारतो, तो हाच शब्द.

तालमूदमध्ये एक मत असं आहे की शिफ्रा म्हणजे मोशेची आई योखेबेद आणि पुआ म्हणजे बहीण मिर्याम. मला ते पटत नाही. दोन साध्या सुइणींचं धाडस मोठ्या घराण्याच्या खात्यावर कशाला जमा करायचं? मूळ हिब्रूत तर ‘हिब्रूंच्या सुइणी’ असाही अर्थ निघतो. म्हणजे त्या परक्याही असतील.

कुराणातही मूसाची कथा आहे. तिथं त्याची आई, बहीण, फिरऔनची बायको, सगळ्या निनावी. अख्ख्या कुराणात नावानं आलेली स्त्री एकच, मरियम. फिरऔनच्या बायकोला आसिया हे नाव परंपरेनं दिलं.

योखेबेद या नावात ‘काबोद’ आहे. काबोद म्हणजे वजन, त्यावरून वैभव. तोच शब्द शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात फार वाईट वेळी येतो. पलिष्ट्यांनी कराराचा कोश पळवला, नवरा रणात पडला, सासरा एली बातमी ऐकून कोसळला आणि मान मोडून गेला. त्या धक्क्यानं सुनेला कळा सुटल्या. भोवतालच्या बायका म्हणाल्या, भिऊ नकोस, मुलगा झालाय. तिनं लक्ष दिलं नाही. पोराचं नाव तेवढं ठेवलं, ईखाबोद, वैभव गेलं, आणि ती गेली.

पुढं त्याच पुस्तकात ईखाबोद एकदाच येतो, तोही एका याजकाचा काका म्हणून. त्याचं नाव ठेवणारीचं नाव मात्र कुणी लिहिलेलं नाही.