घरचा हौद



गेल्या महिन्यात पुण्यात गंज पेठेतला महात्मा फुले वाडा पाहिला. १८६८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी याच घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. लोकांना सांगायचं ते आधी स्वतःच्या दारात केलं. तिथली विहीर पाहताना माझी आजी आठवली. गावच्या विहिरीवर तिला दोर सोडता येत नसे. कुणी वरून घागरीत ओतेल तेवढंच पाणी. तिचा नातू मात्र तुमच्याबरोबर शाळेच्या एकाच माठातलं पाणी प्यायला आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही. वाटू दिलं नाही, हे आपल्या गुरुजनांचं ऋण. मुलानातवंडांना तो वाडा जरूर दाखवा.