शांतिनिकेतनचा कलाहंगाम आणि त्याचा ताळेबंद



मार्च १९३६ मध्ये दिल्लीत एक विलक्षण देवघेव झाली. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले रवींद्रनाथ ठाकूर विश्वभारतीचे कलापथक घेऊन उत्तर भारताच्या दौऱ्यावर निघाले होते. ‘चित्रांगदा’ ही नृत्यनाटिका ठिकठिकाणी सादर करायची आणि त्या उत्पन्नातून संस्थेची तूट भरून काढायची, असा बेत होता. प्रकृती साथ देत नव्हती. महात्मा गांधींना ही धावपळ पाहवली नाही. त्यांनी ६० हजार रुपयांची तजवीज करून ती रक्कम कवीच्या स्वाधीन केली आणि या वयात अशी वणवण करू नये, अशी गळ घातली. दौरा आवरता घेण्यात आला.

हा प्रसंग दोन थोर पुरुषांच्या स्नेहाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यातला प्रश्नही पाहावा. विद्यापीठातील कलेने विद्यापीठ पोसावे, की विद्यापीठाने कला पोसावी?

या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यापूर्वी तेथील कलाहंगामाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागेल. एरवी विद्यापीठाचे कलाकेंद्र म्हटले की प्रेक्षागृह, कलादालन आणि छापील कार्यक्रमपत्रिका डोळ्यांसमोर येते. शांतिनिकेतनात ‘हंगाम’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. तेथील कार्यक्रम ऋतूंच्या क्रमाने येतात. पावसाळ्यात वर्षामंगल, वृक्षारोपण आणि हलकर्षण, पुढे शारदोत्सव, डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत कलाभवनाचा नंदन मेळा, त्याच महिन्याच्या अखेरीस पौष मेळा, आणि फाल्गुनात वसंतोत्सव. वृक्षारोपण व हलकर्षण हे समारंभ १९२८ मध्ये सुरू झाले. नांगर धरण्याच्या कृतीला गायन, नृत्य आणि रांगोळीसारख्या आल्पनेची जोड देणारा हा विधी श्रीनिकेतनच्या ग्रामपुनर्रचनेच्या कार्याशी निगडित आहे. १९३० मध्ये नंदलाल बोस यांनी तेथील भिंतीवर तोच विषय रंगविला. सादरीकरण, प्रदर्शन आणि ग्रामविकास यांच्या सीमारेषा येथे पुसट होतात. अंदाजपत्रकाच्या शीर्षांत हा प्रकार बसविणे मात्र कठीण जाते.

१९०१ मध्ये मूठभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली शाळा, १९१९ मध्ये कलाभवन, १९२१ मध्ये विश्वभारती, असा हा विस्तार आहे. कलाभवनात आरंभी चित्रकला व संगीत एकत्र होते. संगीतभवन पुढे स्वतंत्र झाले. मणिपूरहून नृत्यगुरू आणले गेले. १९२६ मध्ये ‘नटीर पूजा’ हे नाटक विद्यार्थिनींनी सादर केले. नंदलालांच्या कन्या गौरी यांनी त्यात नर्तकीची भूमिका केली आणि पुढील वर्षी हा प्रयोग कोलकात्यात झाला. प्रतिष्ठित घरातील मुलींनी लोकांसमोर नृत्य करणे त्या काळी सहज मान्य होणारे नव्हते. आज भारतातील असंख्य मुली शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचावर वावरतात, त्यामागे अशा प्रयोगांचा वाटा आहे. हा लाभ तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकापुरता मर्यादित राहिला नाही. अर्थशास्त्रात यालाच बाह्य लाभ म्हणतात. ज्याचा लाभ समाजभर पसरतो त्याची किंमत केवळ तिकीटखिडकीवर वसूल होत नाही, एवढेच या संकल्पनेचे सार आहे.

दुसरी अडचण उत्पादकतेची. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगमंचीय कलांचा आर्थिक पेच मांडला. चार वादकांसाठी लिहिलेली रचना शंभर वर्षांपूर्वी चौघे जेवढ्या वेळात वाजवीत, तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसे आजही लागतात. कारखान्यात मात्र दर माणशी उत्पादन अनेक पटींनी वाढते, त्याबरोबर वेतन वाढते, आणि कलावंतालाही जगण्यासाठी त्या वेतनाच्या मागे जावे लागते. परिणामी सादरीकरणाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत चढत राहतो. यात कोणाचा निष्काळजीपणा वा उधळपट्टी नसते. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात ‘खर्चाचा रोग’ असा उल्लेख करून विद्यार्थी पुढे सरकतात. वस्तुतः शिक्षण आणि आरोग्यसेवेच्या वाढत्या खर्चाचे एक मोठे कारणही हेच आहे.

विद्यापीठातील कलाहंगामाला या रोगावर एक अंशतः उतारा सापडलेला असतो. येथे तालीम हाच वर्ग असतो. संगीतभवनातील शिक्षकाचे वेतन एकाच वेळी दोन गोष्टी घडविते: शिकलेला विद्यार्थी आणि वर्षामंगलाची संध्याकाळ. हे संयुक्त उत्पादन होय. लोकरीसाठी मेंढी पाळली म्हणजे मांसाचा खर्च वेगळा काढता येत नाही, तसेच हे. (उपमा रसिकांना रुचणार नाही, पण पाठ्यपुस्तकांत तीच आहे.) कार्यक्रम आवारातच, शिक्षणाचा भाग म्हणून होतो तोवर त्याचा अतिरिक्त खर्च अल्प असतो. पथक दौऱ्यावर निघाले की ही सांगड तुटते. प्रवास, मुक्काम आणि नाट्यगृहाचे भाडे येते. शिवाय बुडालेले वर्ग आणि थकलेले शरीर हा वैकल्पिक खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. १९३६ च्या दौऱ्याची खरी किंमत गांधीजींनी ओळखली ती येथे.

तोपर्यंत दुसरे मार्ग चोखाळून झाले होते. नोबेल पारितोषिकाची रक्कम कवीने पतिसरच्या कृषी बँकेत गुंतविली होती. शेतकऱ्यांना सावकारापेक्षा स्वस्त कर्ज आणि व्याजातून शाळेला आधार, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. ती बँक टिकली नाही. योगायोग असा की डिसेंबर १९३६ मध्येच खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलालांनी त्याची सजावट बांबू व तत्सम स्थानिक साहित्यातून केली. खर्च आटोक्यात ठेवण्याची ही वाट पैसे उभे करण्याच्या वाटेपेक्षा कलाभवनाला अधिक मानवली.

१९५१ मध्ये संसदेच्या कायद्याने विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. मूळ प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने राज्यसंस्थेने दिले आणि ते उत्तर योग्य होते. मात्र वेतनाची हमी मिळाली म्हणजे पुढाकारही टिकतोच असे नाही. या दृष्टीने नंदन मेळा लक्षात घेण्याजोगा आहे. ३ डिसेंबर हा नंदलालांचा जन्मदिवस. त्याच्या आदल्या दोन दिवशी १९७० च्या दशकापासून हा मेळा भरतो. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी घडविलेली मातीची भांडी, मुद्राचित्रे, दिनदर्शिका, दागिने तेथे विकले जातात आणि जमा झालेला पैसा विद्यार्थी साहाय्यनिधीला जातो. येथे विक्री आहे, पण तिचा हेतू मर्यादित आहे आणि मालक स्पष्ट आहे. विद्यापीठ चालविण्याचे ओझे या मेळ्यावर नाही, म्हणूनच तो आनंदाचा राहिला असावा.

वसंतोत्सवाची कथा उलटी आहे. त्याला प्रवेशमूल्य नव्हते. सार्वजनिक वस्तू सर्वांना खुली असते, परंतु गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक नवा प्रेक्षक इतरांचा आनंद कमी करतो. बोलपूरसारख्या लहान गावावर हजारोंचा लोंढा येऊ लागला तेव्हा हेच घडले. महासाथीनंतरच्या वर्षांत विद्यापीठाने हा उत्सव बाहेरच्यांसाठी बंद ठेवून अंतर्गत स्वरूपात केला. पौष मेळाही पर्यावरणाच्या वादांतून गेला. २०२० मध्ये तो भरलाच नाही. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, या दोन टोकांमध्ये आगाऊ नोंदणी, मर्यादित प्रवेश आणि निराळ्या दिवशी निराळे प्रेक्षक असे कितीतरी पर्याय असतात. किमतीचे नाव काढणेच गैर मानले की नियोजनाचा विचारही मागे पडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचे ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प १९३८ पासून उभे आहे. सिमेंटमध्ये तांबड्या मुरमाचे खडे मिसळून ते घडविले. ब्राँझ परवडण्याजोगे नव्हते आणि खडे पायाखालीच होते. त्या स्वस्त मिश्रणाची झीज वर्षानुवर्षे भरून काढावी लागते. हा खर्च अध्यापनाच्या शीर्षाखाली येत नाही, मेळ्याच्या उत्पन्नातून निघत नाही आणि शिल्पाला तर तिकीटही नाही.